उसनं माहेर

अन्याय झाला तो नरडाण्याच्या एका कारखान्यात माल चढवणाऱ्या हमालाच्या बायकोवर. कधी, तर गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, सकाळी, तव्यावर भाकरी असताना.

तिचं नाव मी लिहीत नाही. तिला दोन नावं आहेत आणि त्यांतलं कुठलं छापायचं हे ती ठरवील. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. चौकात उभं राहून वाटते, लोक दुमडून खिशात घालतात किंवा त्यावर भेळ खातात. पत्रकात कोणावर अन्याय झाला हे पहिल्या ओळीत यावं लागतं, म्हणून ही सुरुवात अशी. पण पुढचं सगळं पत्रकात मावलं नाही. माझी सवय निषेधाची आहे, आणि या गोष्टीत निषेध कोणाचा करायचा हे ठरवता ठरवता मलाच वर्ष गेलं.

किंक्रांतीला आमच्याकडे नवं काम कोणी काढत नाही. पोलिसांनी काढलं. औद्योगिक वसाहतीच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे बाहेरून आलेल्यांची तपासणी सुरू झाली. रांगेत बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं, ती घाबरली. ही घाबरली नाही. ही तर इथली. नवरा भडगाव तालुक्यातला, पोरगी तिसरीत, आधार कार्ड आहे, रेशन कार्डावर नाव आहे. शेजारणींना तीच धीर देत होती.

पोलिसाने विचारलं, माहेर कुठलं. ती म्हणाली, भडगाव. वडिलांचं नाव विचारलं. तिने भडगावच्या एका बियाणं-खतांच्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, आणि म्हणे चांगलं ठसक्यात सांगितलं. नाव मारवाडी, बाई हमालाची, पोलिसाला गंमत वाटली. लावा म्हणाला फोन. नंबर तिला पाठ होता. तिनेच लावला, पोलिसाने तो मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे शेठने 'पोलीस' एवढंच ऐकलं असावं. म्हणाले, या नावाची मला मुलगी नाही. मला दोन मुली, दोघी आपापल्या सासरी आहेत.

सगळ्या रांगेने ते ऐकलं. मग महिला पोलिसाने तिचा दंड धरला आणि ती ओरडली. अकरा वर्षं ती घरात, नळावर, बाजारात अहिराणी बोलत होती, पोरीला अहिराणीत रागवत होती. त्या क्षणी तिने आईला हाक मारली ती बंगालीत.

एक खोटा बाप आणि एक खरी हाक, एवढ्या पुराव्यावर ती बांगलादेशी ठरली.

माझा त्या रांगेशी संबंध पत्रकांमुळेच. कारखान्यांतल्या मजुरीवर आमच्या संघटनेने एकदा पत्रक काढलं होतं, ते तिच्या नवऱ्याने जपून ठेवलं होतं. खाली माझा फोन. त्याने फोन केला तेव्हा मी जळगावात होते. मी त्याला तिथेच बोलावलं आणि शहराच्या कडेला पिंप्राळ्याला अक्कांकडे घेऊन गेले.

अक्का म्हणजे वकीलबाई. सगळं शहर त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणते. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, बाहेर स्कूटर, खिडकीत वाळत घातलेल्या मिरच्या. परदेशी ठरवलेल्या माणसांची वकिली जळगावात कोणी कशाला करील, असं लोक विचारतात. उत्तर सराफ्यात आहे. जळगावचं सोनं नावाजलेलं, पण ते घडवणारे हात पुष्कळसे बंगाली कारागिरांचे. दरवेळी कुठे काही घडलं की पहिल्यांदा त्या कारागिरांच्या खोल्यांची दारं वाजतात. अक्का आधी जमिनीची प्रकरणं चालवायच्या. एका कारागिराला सोडवलं, त्याने दुसरा आणला, दुसऱ्याने तिसरा. त्या कामात चार पैसे नाहीत आणि शेजारी नावं ठेवतात. त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीने हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

अक्कांनी नवऱ्याला समोर बसवलं आणि कायदा समजावला. चोरीच्या खटल्यात चोरी झाली हे पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. इथे उलटं. तुम्ही परके नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. आधार कार्ड चालत नाही, कारण ते कोणालाही मिळतं म्हणतात. रेशन कार्ड लग्नानंतरचं. लग्नाआधीची बाई दाखवा, ती या देशातली होती हे दाखवा. मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "भाऊ, तिचं लग्नाआधीचं नाव काय?"

तो स्वतःच्या चपलेकडे बघत होता.

"माले नही माहीत, अक्का. आम्हीन ते नाव कधी काढंच नही."

मी उसळले. अकरा वर्षं संसार केलास आणि बायकोचं नाव माहीत नाही? अक्कांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. पोरीला खांद्यावर घेऊन आला होता, पोरगी झोपली तरी त्याने खांदा हलवला नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण माहीत नसणं हीच रीत होती.

ही रीत तुम्हाला माहीत आहे. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. बायका वाकून बघतात, फोटो निघतो, पेढे वाटतात. मी अशा डझनभर ताटांवर वाकले आहे. जुन्या नावाचं काय झालं, असं कोणी विचारत नाही, कारण जुनं नाव माहेरी असतं. मामा, मावश्या, बहिणी ते वापरत राहतात. पण जिचं माहेर इतकं लांब की तिथून लग्नाला कोणी आलंच नाही, तिचं जुनं नाव कोणी सांभाळायचं?

लांबून का आणावी लागते बायको, तेही लिहिते. आमच्या खानदेशात मुली कमी आहेत. का कमी, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, मला तोंड उघडायला लावू नका. पोटात मुलगी आहे कळलं की नको म्हणणारी घरं पंचवीस वर्षांनी मध्यस्थाला गाडीभाडं देऊन परराज्यातून सून आणतात. कोणी ओरिसातून, कोणी बंगालातून. गावात म्हणतात, 'आनेल शे'. आणलेली आहे.

ही उत्तर बंगालातली, सीमेपासून फार लांब नसलेल्या एका खेड्यातली. एवढं नवऱ्याला माहीत होतं. लग्नाला तिच्याबरोबर फक्त एक मावशी आली होती, ती दुसऱ्या दिवशी परत गेली आणि नंतर वारली. बाप आजारी, भाऊ लहान, इतकं भाडं कुठून आणणार. तेव्हा प्रश्न आला कन्यादानाचा. बापाशिवाय कन्यादान होत नाही. नवऱ्याचे वडील भडगावच्या शेठकडून बियाणं उधार घ्यायचे. शेठ आणि शेठाणी म्हणाले, आम्ही बसतो. कन्यादानाचं पुण्य मोठं असतं, आणि ते फुकट मिळत असेल तर नाही कोण म्हणतं. असं गावोगाव होतं. परक्या मुलीला पाटावर बसवून गावातलं एखादं भलं जोडपं तिचे आईबाप होतं. मग सासू नव्या सुनेला सांगते, आजपासून हे तुझे आईबाप, कोणी विचारलं तर यांचंच नाव सांगायचं, मागचं सगळं विसर. तिने विसरायचा मनापासून प्रयत्न केला. अकरा वर्षांनी पोलिसाने बापाचं नाव विचारलं, तेव्हा तिने शिकवलेलं उत्तर बरोबर दिलं.

तिला धुळ्याला बायकांच्या एका वसतिगृहात ठेवलं होतं. अक्का वकीलपत्र घेऊन गेल्या, मी पिशवी धरून मागे. तोवर कळलं होतं की शनिवारी एक तुकडी पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीने सीमेकडे पाठवायची आहे, आणि तिचं नाव, म्हणजे नवं नाव, त्यात आहे. त्याआधी तिच्या मूळ गावाच्या पोलिसांकडून पडताळणी सुरू झाली तर न्यायाधीश पाठवणी थांबवतील, असं अक्कांना वाटत होतं. पण पडताळणी कोणाची? मूळ नाव, बापाचं नाव, गाव, तिन्ही हवीत. आणि ते सगळं फक्त तिला माहीत होतं.

ती सांगेना.

अक्कांनी हरतऱ्हेने विचारलं. रागावून नाही, घाई करून नाही. पोरीची खुशाली सांगितली, मग विचारलं. चहा मागवला, मग विचारलं. ती भिंतीला पाठ लावून एकच सांगत राहिली, "मनं माहेर भडगावच शे, अक्का."

तिचं गणित मला हळूहळू कळलं, आणि कळलं तेव्हा राग कुठे ठेवावा समजेना. पोलीस तिला दिवसभर म्हणत होते, कबूल कर, तू बंगालची. तिला वाटत होतं बंगाल म्हटलं की संपलं. ज्या शब्दाने ती सुटणार होती, तोच शब्द तिला फास वाटत होता. बंगाल आपल्याच देशात आहे, हे तिला तिथे कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिला धरणाऱ्यांपैकी काहींनाही ते ऐनवेळी आठवलं नव्हतं. पण नुसती भीती असती तर अक्कांनी ती घालवली असती. दुसरी गोष्ट होती. शेठ फोनवर नाही म्हणाले हे तिने ऐकलं होतं, आणि तिने त्याचा अर्थ असा लावला होता की बाप रागावला. काहीतरी चुकलं आपलं. आता त्यांना विचारल्याशिवाय जुनं नाव घेतलं तर त्यांनी केलेलं कन्यादानच खोटं पडेल.

"बाबासनी नही म्हनेल शे," ती म्हणाली. "मी कसं सांगू?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, अक्का, एक मुद्दा सरळ आहे. बाई हिंदू आहे. हे जोरात मांडा, सगळे मदतीला धावतील, वरून फोन येतील. माझ्या संघटनेतले लोक मला हे बोलताना ऐकते तर त्यांनी माझं पत्रक फाडलं असतं. पण गाडी शनिवारची होती आणि मी घाबरले होते.

अक्का स्टँडच्या दिशेने चालत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "आज हा मुद्दा हिच्यासाठी वापरला तर उद्या सराफ्यातल्या त्या कारागिरासाठी माझ्याकडे काय उरेल?"  मग शेंगदाणे घेतले, निम्मे मला दिले आणि म्हणाल्या, भडगावला जायचं.

भडगावचं ते दुकान बाजारपेठेत आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे परसासारखं मोकळं अंगण. तिसऱ्या पिढीचे शेठ, आजोबा राजस्थानातून आलेले, स्वतः इतकं शुद्ध खानदेशी बोलतात की मला लाज वाटावी. अक्कांनी ओळख सांगताच त्यांचा चेहरा उतरला. गल्ल्यावरून उठून त्यांनी आम्हाला आत नेलं, गिऱ्हाइकांच्या देखत नको म्हणून.

शेठ काही राक्षस नव्हते, हे लिहायला मला अजून कष्ट पडतात. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मुलगी आहे का विचारलं, नाही म्हटलं. कन्यादानाला बसलो होतो, कबूल. तशी तालुक्यात शंभर माणसं बसली असतील. पण आता पोलिसांपुढे जाऊन ते बोललो, तर पुढचा प्रश्न येणार की मुलगी आणली कोणी, मध्यस्थ कोण, पैसे कोणी दिले. मुली विकण्याच्या प्रकरणात माझंच नाव गोवतील. माझा परवाना आहे, माझी दुकानदारी आहे. तुम्ही वकील, तुम्हीच सांगा, मी चुकीचं बोलतोय का?

अक्का म्हणाल्या, चुकीचं नाही. भीती खरी आहे.

माझ्या पिशवीत पत्रकाचा मजकूर तयार होता. 'पुण्यापुरता बाप' असं मथळ्यात टाकलं होतं. शेठचं नाव, दुकानाचं नाव, सगळं. बाजाराच्या दिवशी भडगावात पाचशे वाटले असते तर दुकानापुढे गर्दी झाली असती. आदल्या दिवशी मी अक्कांना तो वाचून दाखवला होता. त्यांनी एवढंच विचारलं होतं, वाचून शेठ साक्ष द्यायला येतील की दुकान बंद करून गावाला जातील? तो कागद पिशवीत जळत होता आणि अक्का शांतपणे चहा पीत होत्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि अंगणाकडे बघून विचारलं, "झोका याच कडीला बांधता का, शेठ?"

शेठनी वर बघितलं. अंगणाच्या तुळईला लोखंडी कडी होती.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडाला, तुळईला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. कितीही वाईट सासू असली तरी आखाजीला सून अडवून धरत नाही. शेठांकडेही हा सण आहेच, ते आखातीज म्हणतात.

अक्का म्हणाल्या, तिने सांगितलं मला. दर आखाजीला इथे येते म्हणाली. झोक्यावर बसते म्हणाली. मला वाटलं, बघावा.

तेव्हा आतून शेठाणी आल्या. डोक्यावर पदर, हाताला पीठ. त्या कधीपासून दाराआड उभ्या होत्या कोण जाणे. आमच्याकडे बघितलंच नाही, थेट नवऱ्याकडे वळल्या.

"पुण्य घेताना बाप झालात," त्या म्हणाल्या. "आता साक्ष द्यायला शेजारी झालात का?"

शेठ म्हणाले, तू आत जा, तुला यातलं कळत नाही.

त्या गेल्या नाहीत. उभ्या उभ्या बोलत राहिल्या, आवाज न चढवता, हाताचं पीठ झाडत. आखातीजेला आपल्या पोटच्या दोघींना वेळ नसतो. एकीचा पुण्यात फ्लॅट, एकीची इंदूरला शाळेतली नोकरी. व्हिडिओ कॉल करतात. ही येते. नरडाण्याहून गाडी बदलत येते, पोरीला घेऊन येते, येताना हरभऱ्याची भाजी वाळवून आणते. तुमचे पाय दुखत होते तेव्हा तेल कोणी चोळलं? दरवर्षी तिला साडी घेताना भाव करता, ही महाग, ती महाग, आणि मग महागच घेता. ती मुलगी नाही तर कोण आहे?

शेठ तुळईच्या कडीकडे बघत होते.

"आणि नाव मला माहीत आहे तिचं," शेठाणी आता आमच्याकडे वळून म्हणाल्या. "हळद लावायच्या आधी मी विचारलं होतं. संकल्पात मुलीचं नाव लागतं. भटजींना मीच सांगितलं, वाजंत्रीत ते कोणाला ऐकू गेलं नाही. यांनी तर तिच्या बापाशी फोनवर बोलणं केलं होतं, राजीखुशीने देता ना म्हणून. विचारा यांना."

अक्कांनी विचारलं नाही. शेठच बोलले. तिच्या बापाला हिंदी धड येत नव्हतं. रडत होता. मुलीला उपाशी ठेवू नका, एवढं त्याने दोन-तीनदा म्हटलं. मी म्हटलं, माझ्या मुलीसारखी राहील. त्यांनी ते वाक्य सांगितलं आणि स्वतःच थांबले.

अक्कांनी तेव्हा वकिलासारखं बोलणं केलं. मध्यस्थाबद्दल जे माहीत असेल ते खरं सांगा, लपवू नका. तुम्ही कोणाला विकलं नाही, घेतलं नाही. मी शेजारी उभी राहीन. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. शेठ म्हणाले, विचार करून कळवतो. शेठाणी म्हणाल्या, मी उद्या सकाळी तयार आहे, तुम्ही दुकान सांभाळा.

दुसऱ्या दिवशी गाडीत मागे शेठाणी होत्या, आणि पुढच्या सीटवर शेठ बसलेले होते. पांढरी टोपी, मांडीवर डबा.  धुळ्याच्या वाटेवर पारोळ्याजवळ ड्रायव्हरला म्हणाले, हळू चालव, घाई असली तरी हळू.

वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत ती आली आणि शेठना बघून आधी पाया पडायला वाकली. आधी पाया पडली, मग रडली, तेही पदर तोंडात धरून. मला हे दृश्य आवडलं नाही. जो माणूस फोनवर नाही म्हणाला, त्याच्या पाया पडायचं? मला वाटत होतं तिने तोंड फिरवावं. पण मी तिथे कोणी नव्हते, पिशवी धरणारी होते, आणि पायावर हात ठेवणारीचा हिशेब माझ्या पत्रकातल्या हिशेबापेक्षा वेगळा होता.

शेठनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, जे नाव सांगून मी तुला दिलं, ते नाव सांग यांना," ते म्हणाले. "माझं चुकलं."

तिने सांगितलं. नाव सांगितलं, बापाचं, आजोबाचं सांगितलं. गाव, गावातली नदी, शाळेतल्या बाईंचं नाव, तलावाच्या कडेला घर आणि घरापुढे सुपारीची झाडं. एकदा तोंड उघडल्यावर ती थांबेना. मधेच बंगालीत जायची, परत अहिराणीत यायची. नवरा नरडाण्याहून आला होता, तो दारात उभा राहून ऐकत होता. अकरा वर्षांत त्याने हे काहीच ऐकलं नव्हतं. शेवटी त्याने तिला त्या नावाने हाक मारून बघितली. उच्चार चुकला, ती रडता रडता हसली आणि त्याला सुधारून सांगितलं.

पुढचं सगळं कचेरीतलं काम. शेठ-शेठाणीचं प्रतिज्ञापत्र झालं, अक्का न्यायाधीशांपुढे उभ्या राहिल्या, तिच्या गावच्या पोलिसांकडून उत्तर येईपर्यंत तिला पाठवू नये असा हुकूम शुक्रवारी हातात आला. तिचा लहान भाऊ आता मोठा झाला होता. त्याने शाळेचा दाखला आणि वडिलांच्या जमिनीचे कागद पाठवले, आणि शाळेतल्या त्या बाई स्वतः पोलिसांपुढे जाऊन बोलल्या. महाशिवरात्रीच्या आधी ती नरडाण्याला घरी आली. शेठना दोनदा चौकशीला बोलावलं, अक्का दोन्ही वेळा बरोबर गेल्या. पुढे काही झालं नाही.

पोलिसांतले एक साहेब मला म्हणाले, बाईने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं. मी म्हटलं, साहेब, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत 'बाप कोण', तेव्हा तिने लग्नात मिळालेला बाप सांगितला. 'जन्म कुठे' असं कोणी विचारलं का? त्यांनी फाइल बंद केली.

तुकडी शनिवारी गेली. तिच्याशिवाय. स्टेशनावर जायची मला परवानगी नव्हती, पण त्यात कोण होतं हे माहीत होतं. त्यातला एक गवंडी होता, तोही बंगालीच बोलायचा, सीमेच्या अलीकडचं गाव सांगायचा. अक्कांनी त्याच्यासाठीही अर्ज दिला होता. पण त्याच्या बाजूने येऊन उभं राहायला इथे कोणी नव्हतं. त्याचं कोणी कन्यादान केलेलं नव्हतं. त्याने ज्यांची घरं बांधली, त्यांना आम्ही फोन केले. कोणी उचलले नाहीत, कोणी म्हणाले ओळखत नाही. त्याचं पुढे काय झालं हे अक्कांना आजही माहीत नाही, आणि त्याचा अर्ज त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. मी 'आम्ही जिंकलो' असं पत्रक लिहायला घेतलं होतं. ते या माणसापाशी येऊन अडलं, आणि मी ते छापलं नाही.

'पुण्यापुरता बाप'ही छापलं नाही. छापायला हवं होतं की नाही, यावर अक्कांचं आणि माझं अजून जमत नाही. मला वाटतं, शेठ आले म्हणून बरं. पण एखाद्या बाईचं देशात राहणं एका माणसाच्या मनात येण्यावर का टांगलेलं असावं? अक्का म्हणतात, तू कायद्यावर लिही, शेठवर नको. कायदा बदलायला पत्रक लागतं, साक्षीदार आणायला झोक्याची कडी लागते. मी म्हणते, दोन्ही एकदम का नाही. त्या म्हणतात, तरुण आहेस. वाद तिथे थांबतो, कारण दारात कोणीतरी आलेलं असतं.

मार्चमध्ये घरी गेले तेव्हा मी आईला विचारलं, तुझं नाव कोणी बदललं. ती तूर निवडत होती. म्हणाली, तुझ्या आजीने, पत्रिका बघून. विचारलं का तुला? आता कशाला काढतेस ते, म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने सांगितलं की मामा फोनवर जुन्या नावाने बोलतो तेव्हा तिला दोन मिनिटं वेगळं वाटतं, पण ते कोणाला सांगण्यासारखं नाही. बाबा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. त्यांना ते नाव माहीत होतं. पण त्यांनी ते एकदाही घेतलेलं नव्हतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

यंदाच्या आखाजीला मी भडगावला गेले होते. झोका बांधलेला होता. ती आली होती, पोरगी आली होती. शेठाणी तिला जुन्या नावाने हाक मारत होत्या, शेठ नव्या नावाने, आणि ती दोन्हीला ओ देत होती. तिने अक्कांसाठी हरभऱ्याची वाळवलेली भाजी दिली. पोलिसांच्या कागदावर आता तिची दोन्ही नावं आहेत, मधे 'उर्फ' घालून. सराईत चोरांची लिहितात तशी. मला ते बघून संताप आला. ती म्हणाली, असू दे, निदान दोन्ही आहेत.

आता तुमच्याकडे. तुमच्या घरात, गल्लीत, गावात दुसऱ्या राज्यातून आलेली सून असेल. नाही म्हणू नका, आहे. आज जा आणि तिला विचारा, तुझं नाव काय होतं, आईबापाचं नाव काय, गाव कुठलं. तिच्या नवऱ्यालाही शेजारी बसवा, त्यालाही ऐकू द्या. तिच्या घरचा फोन नंबर जिवंत आहे का बघा आणि आजच लावा. आणि तुम्ही कधी कोणाच्या कन्यादानाला बसला असाल, कोणाला घर भाड्याने दिलं असेल, कोणाकडून भिंत बांधून घेतली असेल, तर फोन वाजल्यावर 'ओळखत नाही' म्हणू नका. उठा, आणि येऊन उभे राहा.